ओल्या खात्यातली थोरली

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री होती. तिच्यात दोन खाती होती, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्या खात्यात माणसाच्या उंचीची यंत्रं दिवसभर गरगरत असत. फरशीवर पाण्याचा पातळ थर कधी सुकत नसे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि पुढे रबरी एप्रन घातलेल्या बायका यंत्रांच्या पोटातून पिळलेल्या चादरींचे जडशीळ गोळे ओढून काढत आणि ढकलगाड्यांवर टाकत. कोरड्या खात्यात खिडक्या होत्या, उजेड होता, बसायला स्टुलं होती आणि गरम कापडाचा खरपूस वास असे. ओल्या खात्यातल्या प्रत्येकीचा डोळा कोरड्या खात्यावर असायचा. थोरलीचा मात्र नव्हता.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. धाकटी त्याच लाँड्रीत मळक्या कपड्यांची वर्गवारी करायची. दोघींत गल्लत होऊ नये म्हणून कुणीतरी ही नावं पाडली आणि ती अशी चिकटली, की खरी नावं आठवायला सुपरवायझरलासुद्धा डोकं खाजवावं लागे. थोरली पन्नाशीला टेकलेली, रुंद बांध्याची, आणि एके काळी अख्ख्या लाँड्रीची करमणूक होती. रागावण्याआधी सुपरवायझर नाकातून बारीक शीळ घालतो हे तिनेच हेरलं होतं. त्याला 'कुकर' हे नाव तिनेच दिलेलं. इस्त्रीच्या टेबलापाशी ओठ मिटून बसणारी, तोलूनमापून बोलणारी बाई 'घडी' झाली तीही थोरलीच्याच कृपेने. जेवणाच्या सुट्टीत थोरलीने नुसती मान तिरकी करून कुकरची चाल चालून दाखवली की बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत. आणि सगळ्यांत मोठं हसू थोरलीचं स्वतःचं असे, यंत्रांच्या घरघरीवरून ऐकू जाणारं.

ते हसू बंद पडलं. केव्हा, ते कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. नकला कमी झाल्या, मग थांबल्या. सुट्टीत ती डबा घेऊन कोपऱ्यात बसू लागली. कुणी विनोद केला तर ओठ आवळून नुसती मान हलवी. "लेक लग्न होऊन लांब गेली ना, मनाला लागलंय तिच्या," असं बायकांनी ठरवून टाकलं.

त्याच सुमाराला कुकरने तिला बोलावून घेतलं.

"कोरड्या खात्याला मुख्य हवी आहे," तो म्हणाला. "तू जुनी आहेस, हाताखालच्या बायका तुझं ऐकतात. उद्यापासून तिकडे जा."

"मला इथंच बरं आहे," थोरली म्हणाली.

"अगं, लोक यासाठी वशिला लावतात."

"मग त्यांच्यापैकीच कुणाला तरी द्या."

कुकरच्या नाकातून शीळ निघाली. पुढे काही झालं नाही, ती जागा घडीला मिळाली एवढंच. थोरलीला शिंगं फुटली आहेत, असं काहींनी म्हटलं. काहींना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. खरं कारण अगदी साधं होतं आणि ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ओल्या खात्यात कमरेपासून खाली सगळ्याच ओल्या असत. तू कशाने ओली, असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे.

सुरुवात एका लांबलेल्या खोकल्याने झाली होती. खोकला आला की चार थेंब. खोकला गेला, थेंब राहिले. मग शिंकेला, मग जिना उतरताना, मग चादरींचा गोळा उचलताना. थोरलीला तीन बाळंतपणं झालेली. त्यातलं तिसरं फार अडलेलं, चिमटे लावून सोडवलेलं. बाईच्या जातीला हे असायचंच, असं तिने मनाशी धरलं. आईला कधी असं झालेलं तिने ऐकलं नव्हतं, पण आई तरी कुठे सांगणार होती? पुढे हसण्याने व्हायला लागलं. एकदा कुकरची नक्कल करता करता ती स्वतःच खदखदून हसली आणि सगळंच हातचं गेलं. एप्रन होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून तिने हसणं सोडलं, जसं कुणी पथ्य म्हणून मीठ सोडतं.

हळूहळू सगळा दिवस त्या एका गोष्टीभोवती फिरू लागला. जुने टॉवेल कापून, घड्या घालून, टाके मारून ती वापरी. घरी ते सगळ्यांच्या नजरेआड धुवी आणि मोठ्या कपड्यांच्या मागे वाळत घाली. सकाळी अर्धा कप चहा, मग घरी पोचेपर्यंत घोटभर पाणीही नाही. तरीही अर्ध्या अर्ध्या तासाला ती संडासाकडे जाऊन येई, गरज असो नसो. बाजारात कुठल्या दुकानामागे सोय आहे, कुठला चौकीदार आत सोडतो, हे तिला पाठ होतं. जिथली माहिती नाही तिथे जाणंच तिने बंद केलं. आणि वासाची भीती. कुणी जवळून जाताना नाक चोळलं तरी ती दोन पावलं मागे सरे.

नवरा चाव्या बनवणारा. चौकात त्याची कपाटाएवढी टपरी होती. माणूस अबोल, पण वाईट नव्हता. एक दिवस थोरलीने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. "तुम्ही फार घोरता," तिने सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्याने त्या खोलीतल्या पलंगाचा करकरणारा पाय ठोकून दिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

खरा घाव बसला तो लेकीच्या बाळंतपणात.

लेक लांबच्या शहरात होती, बसने अख्खा दिवस लागेल एवढ्या अंतरावर. पहिलटकरीण, त्यात जावयाच्या घरी मोठं बाईमाणूस कुणी नाही. "आई, तू ये," ती फोनवर म्हणाली होती. "मला भीती वाटते गं." थोरली हो म्हणाली. पिशवी भरली. मग तिच्या डोळ्यांसमोर ती बस आली, ड्रायव्हरच्या मर्जीने थांबणारी. जावयाच्या घरची परकी गादी आली, आणि सकाळी तिच्यावर उमटलेला डाग. तिने पिशवी रिकामी केली. "रजा नाही म्हणतो आमचा सुपरवायझर," तिने लेकीला कळवलं. "पाषाण आहे मेला."

लेक आईच्याच वळणाची. तिने कुठून तरी नंबर मिळवून सरळ लाँड्रीत फोन लावला, आईला सोडा म्हणून विनवायला. कुकर गोंधळला. "रजा? तिने मागितलीच नाही," तो म्हणाला. "मागितली असती तर मी कशाला अडवली असती?"

लेकीने भांडण केलं नाही. त्यानंतर फोन यायचे ते जावयाचे. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. नाव ठेवलं. पालथी पडायला लागली. लेकीला फोन द्या म्हटलं की ती बाळाला घेऊन आत आहे, झोपली आहे, बाहेर गेली आहे. जावई बिचारा दर वेळी नवं काहीतरी शोधून सांगे आणि थोरली "असू दे, असू दे" म्हणे.

उन्हाळ्याच्या ऐन भरात एका दुपारी ती यंत्राजवळ कोसळली. दोन दिवस अंगात कणकण होती, लघवीला आग होत होती, म्हणून तिने पाणी आणखीच कमी केलं होतं. बायकांनी उचलून तिला बाजूच्या खोलीतल्या बाकावर निजवलं आणि धाकटीला हाक मारली. धाकटीने सगळ्यांना बाहेर काढलं आणि बहिणीचे ओले कपडे बदलायला घेतले. तेव्हा तिच्या हाताला ती टॉवेलची शिवलेली घडी लागली. तिने ती बाजूला ठेवली, स्वतःच्या पिशवीतला स्वच्छ नॅपकिन काढून तशीच घडी घातली आणि बहिणीला कपडे घातले.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लघवीला जंतू झाले होते आणि अंगातलं पाणी पार आटलं होतं. औषध लिहून देता देता त्यांनी सहज विचारलं, "खोकताना, शिंकताना लघवी होते का?"

"नाही," थोरली म्हणाली.

"होते," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं. "ताप उतरू दे," त्या म्हणाल्या. "मग परत या. यावर करण्यासारखं पुष्कळ आहे."

बाहेर रस्त्यावर येताच थोरली उसळली. "तुला मध्ये तोंड घालायला कुणी सांगितलं?"

"तू कधी तोंड उघडणार होतीस? मेल्यावर?"

"माझं मी बघून घेईन."

"बघितलं की आज. पाणी न पिता मरायला निघालेली." धाकटी थांबली. तिचा आवाज खाली आला. "ताई, म्हणून गेली नाहीस का तू पोरीकडे?"

थोरली फुटपाथच्या कठड्याला धरून उभी राहिली.  धाकटीला उत्तर कळलं. "आणि मी इतके दिवस तुला मनातल्या मनात शिव्या देत होते," ती म्हणाली. "कसली आई आहे, म्हणून. भाचीच्या तोंडावरसुद्धा म्हणाले मी ते."

पुढच्या खेपेला धाकटी तिला हाताला धरूनच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कागदावर पेनाने एक झोळी काढून दाखवली. पोटाच्या तळाशी स्नायूंची अशी झोळी असते, त्या म्हणाल्या, तिच्यावर मूत्राशय टेकलेलं असतं. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी ती सैल पडली आहे. ऑपरेशन असतं, पण त्याची घाई नाही. आधी व्यायाम. तो शिकवणारी बाई आमच्याकडे आहे. निदान तीन महिने नेमाने करायचा, त्याआधी फरक पडला नाही म्हणून सोडायचा नाही. पाणी नीट प्यायचं, चहा कमी. उगाच सारखं जायचं नाही, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं, मूत्राशयाला पुन्हा थांबायची सवय लावायची. पोट साफ ठेवायचं, वजन थोडं उतरवायचं.

"आणि ते ओले गोळे उचलणं आधी बंद," त्या म्हणाल्या. "एकीकडे शिवायचं आणि दुसरीकडे उसवायचं, असं नको."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. बरं व्हायचं तर ओलं खातं सोडायला हवं. आणि ओलं खातं सोडायचं तर आधी बरं व्हायला हवं. कितीतरी दिवस ती या दोन टोकांच्या मध्ये लोंबकळली. शेवटी कंबर धरते अशी सबब सांगून तिने कुकरकडे कोरडं खातं मागितलं. आता मुख्यपण उरलं नव्हतं. ज्या घडीला तिने स्वतः काम शिकवलं होतं आणि जिच्यावर अख्ख्या लाँड्रीला हसवलं होतं, तिच्याच हाताखाली उशांचे अभ्रे दुमडायचं काम मिळालं. घडीने तिला एक स्टूल दाखवलं. "इथे बस," म्हणाली. बाकी काही नाही.

व्यायाम ती जिद्दीने करू लागली. बसल्याजागी, उभ्याने, भांडी घासताना. दात आवळून, श्वास कोंडून, कान लाल होईपर्यंत. शिकवणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी सगळं समजावलं होतं, पण थोरली लाजेने जमिनीकडे बघत नुसतं "हो, कळलं" म्हणत राहिली होती. आतून तपासून बघू का, असं विचारल्यावर ती नको म्हणून उठूनच आली होती. दिवसांमागून दिवस गेले. उतार पडण्याऐवजी त्रास वाढला. पाणी पुरेसं पीत होती, त्यामुळे गळायलाही भरपूर होतं. "हे आपल्यासाठी नाही," ती धाकटीला म्हणाली. 

मग ती दुपार आली. अभ्रे झटकताना धागे उडाले, नाकात गेले, आणि थोरलीला एकामागून एक शिंका आल्या. तिने पायांना तिढा घातला, टेबल घट्ट धरलं, पण उपयोग झाला नाही. स्टुलाच्या कडेवरून कोरड्या, स्वच्छ फरशीवर ओघळ आला. आजूबाजूच्या पोरी बघत होत्या. बघत नसल्याचं दाखवत होत्या. घडी उठली. हातातली चादर तिने थोरलीच्या खांद्यांवरून अंगभर टाकली आणि तिला कपडे बदलायच्या खोलीपर्यंत नेऊन सोडलं. परत येऊन स्टूल उचलून मोरीत नेलं आणि स्वतः धुतलं. त्यावर ती कधी काही बोलली नाही.

पोरी मात्र बोलल्या. दोन दिवसांनी थोरली जेवायच्या खोलीच्या दाराशी पोचली तेव्हा आत हशा चालला होता. एक पोरगी मध्ये उभी होती. तिने नाक वर केलं, डोळे बारीक केले, पायांना तिढा घातला, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि शिंकेच्या आधीचा तो घाबरलेला चेहरा करून दाखवला. "सांभाळा," ती म्हणाली, "गळतीबाई येतायत."

नक्कल उत्तम होती. त्या क्षणीही हे थोरलीला कळलं. तिढ्यासकट, चेहऱ्यासकट, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. ती मागच्या मागे फिरली, पिशवी उचलली आणि घरी गेली. घडीला अशी चेष्टा किती वर्षं गिळावी लागली असेल, हा विचार वाटेत मनात आला आणि तोही तिला सोसवेना.

ती कामावर जाईना. पहिले काही दिवस नवऱ्याने काही विचारलं नाही. मग एका सकाळी तो टपरीवर न जाता तिच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"काय झालंय ते सांगणार आहेस का?"

"काही नाही. बरं नाही."

"बरं नाही ते मला दिसतंय. किती तरी दिवस दिसतंय." तो आपल्या हातांकडे बघत होता, बोटांच्या पेरांत कायमचा बसलेला धातूचा काळा कीस खरवडत. "माझा वास येतो का तुला? तेलाचा, लोखंडाचा?"

थोरली उठून बसली. "काय बोलताय हे?"

"मग गादी का नेलीस बाहेर? मी घोरत नाही. शेजारच्याला विचारलं मी."

शेजाऱ्याला भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं का, हे विचारायला गेलेला आपला नवरा डोळ्यांपुढे येऊन थोरलीला भडभडून आलं. तिने सांगितलं. खोकल्यापासून ते गळतीबाईपर्यंत सगळं, भिंतीकडे तोंड करून. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"एवढंच होतं?"

"एवढंच नाही," ती ताडकन म्हणाली. "लेक गेली माझी. हसणं गेलं. काम गेलं. एवढंच म्हणू नका."

"चुकलो," तो म्हणाला. "एवढंच म्हणजे, मला वाटलं होतं की मीच नकोसा झालोय."  मग त्याने विचारलं, "ती व्यायामाची बाई कुठे असते? चल, मी येतो बाहेर बसायला."

तो खरंच बाहेरच्या बाकावर बसला, बायकांच्या रांगेत अवघडून, गुडघ्यांवर हात ठेवून. आत व्यायाम शिकवणाऱ्या बाईने या वेळी पडदा ओढला आणि स्पष्टच सांगितलं, "नुसतं विचारून मला कळत नाही. आतून बोट लावून बघते, म्हणजे तुम्ही काय करताय ते समजेल. नको वाटलं तर थांबा म्हणा." थोरलीने डोळे मिटले. बाईने आवळा म्हटल्यावर तिने नेहमीसारखा श्वास कोंडून जोर लावला.

"थांबा," बाई म्हणाली. "इतके दिवस असंच करताय?"

"हो. रोज. भरपूर."

"तुम्ही खाली ढकलताय. वर ओढायचं असतं." बाईच्या आवाजात दोष नव्हता, काळजी होती. "हा माझाही दोष आहे, पहिल्याच दिवशी तुम्हाला पटवून तपासायला हवं होतं. पुष्कळ जणींचं असं होतं. पोट, मांड्या, जबडा, सगळं सैल सोडा. श्वास चालू राहू दे. वारा सरायला आलाय आणि चारचौघांत बसलाय, तर काय कराल? तेवढंच. आत आणि वर."

तो स्नायू थोरलीला सापडेना. आपल्याच घरातली खोली आपल्यालाच सापडू नये तसं झालं. मग काही खेपा यंत्राने बारीक झिणझिण्या देऊन तो जागा केला. एक दिवस बाईच्या बोटावर पुसटशी उचल जाणवली. "हाच," बाई म्हणाली. थोरलीला कळलंही नव्हतं, इतकी ती हालचाल बारीक होती. इतके दिवस ती पहाड ढकलत होती आणि करायचं होतं ते पापणी उचलण्याएवढं. पुढे धरून ठेवणं, सोडणं, पटकन आवळणं हे शिकवलं. शिंक येतेय असं वाटलं, काही उचलायचं असलं, की आधी आवळून घ्यायचं, मग शिंकायचं, मग उचलायचं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली. सिलिकॉनची मऊ रिंग, आत बसवायची, खालून टेकू देणारी. पहिली रिंग मापाला चुकली आणि घरी संडासात निसटून पडली. थोरली तिथेच रडत बसली. दुसरी मात्र नीट बसली. धुवायची कशी, काढायची घालायची कशी, हे ती नव्याने कामाला लागलेल्या माणसासारखी शिकली. तिला ती फारशी आवडली नाही, पण रिंग असली की जिना उतरताना पाय मोकळे पडत.

लाँड्रीत ती परत गेली. कुकरने फक्त शीळ घातली. घडीने तिचं टेबल संडासाच्या दाराजवळ हलवलं होतं. "पोरींना मी गप्प केलं नाही," घडी म्हणाली. "बोललं की आणखी चेव येतो. मला माहीत आहे."

"मी तुझ्यावर फार हसले," थोरली म्हणाली.

घडीने अभ्र्याची कड जुळवली. "हो," म्हणाली. "वाईट वाटायचं."  पोरी आणखी काही दिवस कुजबुजल्या आणि मग त्यांना दुसरं कुणीतरी सापडलं.

तीन महिन्यांचे पाच महिने झाले. टॉवेलच्या घड्या कमी झाल्या, मग फक्त बाहेर पडताना एखादी. जाण्याची घाई उठली की ती जागेवर थांबून, आवळून, मनात काहीतरी मोजत राही, आणि लाट ओसरली की मग सावकाश उठे. चहा सुटला नाही, पण एकावर आला. नेम चुकला की शरीर चारच दिवसांत चुगली करी. सर्दी झाली त्या आठवड्यात तर सगळं पहिल्यासारखं झालं, आणि ती पुन्हा दोन दिवस अंथरुणात तोंड खुपसून पडली. व्यायामाची बाई म्हणाली, असं होणार, परत सुरू करा. तिने परत सुरू केलं.

मग एक दिवस तिने कुकरकडे खरोखरीची रजा मागितली आणि बसमध्ये बसली. मधल्या वाटेकडची आसनं भरली होती, खिडकीशी अडकून बसावं लागलं. पहिल्या थांब्याला ती वाट काढत खाली उतरून जाऊन आली. दुसऱ्या थांब्याला ती उतरलीच नाही, मुद्दाम. तिसऱ्यानंतर रस्ता खराब होता आणि थोडं गळलं. टॉवेलची घडी होती, निभावलं. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि जीव मुठीत धरून बसून राहिली.

दार लेकीने उघडलं. कडेवर मुलगी होती, चांगली मोठी, आजीला न ओळखणारी. "हे म्हणाले तू येतेस," लेक म्हणाली. "बस. पाणी आणते." पाहुणीला म्हणावं तसं.

जेवणं झाली. जावई समजून बाहेर निघून गेला. थोरली पाठ करून आणलेलं सगळं विसरली. तिने सरळ सांगितलं, काय झालं होतं, का आली नव्हती, खोटं का बोलली. लेक ताटं गोळा करायची थांबली.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी लाज?" लेकीचा आवाज फाटला. "माझ्या अंगातून रक्त वाहत होतं, मी ओरडत होते, चार परकी माणसं माझ्या उघड्या अंगाकडे बघत होती. तेव्हा मला कसली लाज होती? मला तू हवी होतीस. तू गादीत मुतली असतीस तरी मला चाललं असतं."

  लेक आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. नातीने आजीच्या पिशवीचा बंद ओढून बघितला, मग तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. थोरलीने तिला उचलून घेतलं नाही. आधी लेकीने दिली पाहिजे, असं तिला वाटलं.

चार दिवस ती राहिली. लेक बोलली, पण कामापुरतं. तिसऱ्या दिवशी मुलीला आईच्या हाती देऊन ती बाजारात गेली आणि परत यायला तिने उशीर केला. शेवटच्या सकाळी चुलीपाशी पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "तो व्यायाम कसा असतो?" कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि थोरलीने विचारलं नाही. स्वयंपाकघरातच दोन खुर्च्या समोरासमोर घेऊन तिने लेकीला शिकवलं, श्वास न कोंडता, आत आणि वर, खाली नाही. "आधी तपासून घे हं कुणाकडून," ती म्हणाली. "मी फार दिवस उलटं करत बसले."

आता लेकीचा फोन येतो. लांबत नाही. राग पुरता गेलेला नाही, बोलता बोलता मध्येच एखादा काटा निघतो आणि थोरली तो सहन करते. गादी आतल्या खोलीत परत आली आहे. सर्दीच्या दिवसांत आणि फार दमली की अजून गळतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, हवं तर पुढे ऑपरेशनचा विचार करू. थोरली म्हणते, बघू. नकला ती करत नाही. पण परवा जेवणाच्या सुट्टीत धाकटीने काहीतरी सांगितलं आणि थोरली हसली, तोंडावर हात न ठेवता, पाय जमिनीवर सरळ टेकवून. घडी शेजारीच बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपला डबा खाऊ लागली.